‘कोलन शून्य’ म्हणजे नक्की कोण? मराठी विकिपीडियाच्या संपादकांना खुलं पत्र

मराठी विकिपीडियाचे प्रचालक, जुने-जाणते संपादक, नवीन आलेली पोरं-पोरी आणि मराठी भाषा दिन जवळ आला की कॉलेजात कार्यशाळा घेणारे सर-मॅडम, सगळ्यांना नमस्कार.

पत्र लांबणार आहे आणि विषय इतका बारीक आहे की ऐकून हसाल. तळटिपांच्या नावांबद्दल बोलायचंय. तळटिपांबद्दल नाही हं, संदर्भ द्या संदर्भ द्या हे सांगून तुमचे घसे बसलेत आणि ‘संदर्भ हवा’चा साचा लावून लावून आमची बोटं झिजलीत, ते सगळं झालंय. मी म्हणतोय ते रेफच्या टॅगमध्ये (लेखाच्या कोडमध्ये संदर्भ ज्या खुणांत घालतात त्यात) आत दडलेलं नाव, जे वाचकाला कधीच दिसत नाही आणि दिसत नाही म्हणूनच त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

गेल्या महिन्यात काय झालं ते आधी सांगतो. माझ्या आजोळच्या गावाचा लेख उघडला होता. सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं गाव, नाव सांगत नाही कारण मग तुम्ही लगेच लेखाचा इतिहास, म्हणजे आधीच्या बदलांची नोंद, उघडून कोणी केलं ते बघाल आणि मला त्या माणसाला बोल लावायचा नाहीये, त्याने बिचाऱ्याने वाईट हेतूने काही केलेलं नाही. तर लेखात वाक्य होतं की गावातल्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार पेशवाईत झाला आणि घाटही तेव्हाच बांधला. पुढे चौकटी कंसात छान निळा आकडा. म्हटलं वा, कोणीतरी संदर्भ दिलाय, आजीला दाखवू. आकडा दाबला, खाली गेलो, तर तिथे लिहिलंय, भारताची जनगणना २०११.

आता जनगणनेवाले घरोघरी येतात, माणसं मोजतात, घराला नळ आहे का, संडास आहे का, टीव्ही आहे का विचारतात, पण देवळाचा जीर्णोद्धार कोणी केला हे त्यांनी आमच्या आजीला कधी विचारलं बुवा?

आधी वाटलं कोणीतरी ठोकून दिलंय. मग इतिहास चाळत मागे मागे गेलो तर उलगडा झाला. चारेक वर्षांपूर्वी एकाने तालुक्याच्या लेखातला परिच्छेद उचलून गावाच्या लेखात आणून टाकला, जे करायला काहीच हरकत नाही, बदलाच्या सारांशात त्याने ‘तालुक्याच्या लेखातून’ असं प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. तालुक्याच्या लेखात त्या वाक्याला जो संदर्भ होता त्याचं नाव होतं कोलन शून्य, म्हणजे नुसतं ‘:0’. पूर्ण संदर्भ, म्हणजे पुस्तकाचं नाव वगैरे, तिथे वर कुठेतरी आधीच्या परिच्छेदात लिहिलेला होता आणि या वाक्यापाशी नुसतं ‘कोलन शून्य’ एवढंच होतं. ते एवढंसं शेपूट परिच्छेदाबरोबर इकडे आलं. आणि इकडे गावाच्या लेखात आधीपासूनच एक कोलन शून्य ठाण मांडून बसलेला होता, तो होता जनगणनेचा. झालं. यंत्राला काय, नाव जुळलं की जोडलं.

यातली खरी गंमत (गंमत कसली डोंबलाची) अशी की कुठेही लाल अक्षरात एरर आली नाही. गावाच्या लेखात कोलन शून्य नसता तर विकीने खाली ठणाणा केला असता की हे नाव वापरलंय पण याची व्याख्या कुठेच नाही, मग कोणीतरी येऊन दुरुस्त केलं असतं. लाल एरर म्हणजे उपकारच म्हणायचे. इथे सगळं निळं, सगळं गोजिरवाणं, आणि चार वर्षं चुकीचं. मध्ये किती जणांनी तो आकडा बघून वाक्य खरं धरलं असेल कोण जाणे, मीच धरलं असतं की, दाबला नसता तर.

ज्यांना हे कोलन शून्य प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. विकीत तळटिपांची ही आजची सोय आली २००५ च्या शेवटी. एकच पुस्तक दहा ठिकाणी वापरायचं असेल तर दहादा सगळं लिहायला नको म्हणून संदर्भाला नाव द्यायची पद्धत, एकदा पूर्ण लिहायचं नि पुढे नुसतं नाव. हे नाव तुम्ही स्वतः सोर्समध्ये, म्हणजे लेखाच्या कोडमध्ये, लिहिता तेव्हा तुमच्या मर्जीचं. पण २०१३ च्या सुमारास व्हिज्युअल एडिटर आला, म्हणजे कोड न बघता लिहायची सोय, जो फार चांगला आहे, त्याच्यामुळे कंसांना घाबरणारे लोक लिहायला लागले, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. फक्त त्यात तुम्ही ‘पुन्हा वापरा’ करून जुना संदर्भ दुसऱ्यांदा लावला की तो स्वतःच त्या संदर्भाचं बारसं करतो, आणि नाव काय ठेवतो तर कोलन शून्य, पुढच्याचं कोलन एक, मग कोलन दोन. तुम्हाला विचारत नाही, दाखवत नाही. नुसता आकडा नाव म्हणून विकीला चालतच नाही, दिला तर एरर येते की बाबा काहीतरी अर्थाचं नाव दे. त्या नियमातून आकड्याआधी कोलन लावून काढलेली पळवाट वाटते मला ही. ज्या नियमाचा हेतूच माणसाला कळेल असं नाव असावं हा होता, त्या नियमाला टांग मारून. हे बदला म्हणून जगभरच्या संपादकांनी कितीदा तरी मागणी केलेली आहे, त्यामुळे मी एकटाच येडा नाही.

परिणाम असा की आज प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या लेखात एक कोलन शून्य आहे आणि प्रत्येक ठिकाणी तो वेगळा माणूस आहे. फोनमध्ये आपण ‘गॅसवाला’, ‘गॅसवाला नवीन’, ‘गॅसवाला नवीन २’ असं सेव्ह करतो ना, ते एका फोनपुरतं ठीक असतं कारण आपल्याला माहीत असतं, बायकोच्या फोनमधला गॅसवाला नवीन हा वेगळा असू शकतो आणि दोन फोनचे कॉन्टॅक्ट एकत्र केले की सिलेंडर भलत्याच घरी.

पुस्तकवाल्यांनाही ही अडचण होतीच म्हणा. मराठीतली जुनी संशोधनाची पुस्तकं उघडा, तळटिपांत ‘तत्रैव’, ‘तत्रैव, पृ. ११२’, परत ‘तत्रैव’ अशी रांग असते. तत्रैव म्हणजे तिथेच, वरच्याच पुस्तकात. छापील पुस्तकात हे चालतं कारण एकदा छापलं की टीप क्रमांक ७ ही आयुष्यभर ६ च्या खालीच राहणार, कोणी मध्ये घुसणार नाही. विकीवर उद्या सकाळी कोणीतरी ६ आणि ७ च्या मधे एक बातमी टाकतो आणि तुमचं तत्रैव त्या बातमीला चिकटतं. म्हणून विकीवर तत्रैव लिहू नये हे आपण सगळ्यांनी केव्हाच मान्य केलेलं आहे, नवीन कोणी लिहिलं तर आपण लगेच त्याच्या चर्चा पानावर जाऊन समजावतो. आणि इकडे स्वतः कोलन शून्य ठेवून झोपतो. कोलन शून्य हा तत्रैवचाच धाकटा भाऊ आहे हो, शेजारी कोण बसलंय यावर त्याचा अर्थ ठरतो. एका लेखात तर मी संदर्भाचं नाव प्रत्यक्ष ‘तेच’ असं ठेवलेलं पाहिलंय. नाव काय, तर तेच. दुसऱ्या एकात ‘वरचा’. ठेवणाऱ्याला त्या संध्याकाळी सगळं स्वच्छ कळत असणार.

बरं, आपल्याकडे संदर्भाला धड नाव द्यायची परंपराच नाही असं कोणी म्हणू नका. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले, पहिला १८९८ मध्ये, तेव्हा त्यांनी प्रत्येक कागदाला लेखांक दिला. त्यामुळे आज शंभर-सव्वाशे वर्षांनी कोणीही खंड अमुक, लेखांक तमुक एवढं म्हणालं की सांगलीतला माणूस आणि न्यू जर्सीतला माणूस एकाच पत्रावर बोट ठेवतो. त्या माणसाने हस्तलिखितांच्या मागे गावोगाव पायपीट केली, वाड्यांच्या माळ्यांवरून, दप्तरांतून कागद काढले, आणि तरी क्रमांक द्यायचा कंटाळा केला नाही. आपल्याला तर एसीत बसून आठ-दहा अक्षरं टाइप करायची आहेत.

आता नाव द्यायचं म्हणजे कसं द्यायचं. इंग्रजीत सरळ सल्ला असतो, आडनाव आणि साल, संपलं. तो आपल्याकडे जसाच्या तसा आणला की पंचाईत होते, आणि हे मला स्वतःला दोन-तीनदा तोंडावर आपटून कळलंय.

पहिली पंचाईत आडनावांची. ‘जोशी’ हे नाव मराठी संदर्भाला देणं म्हणजे सदाशिव पेठेत उभं राहून ‘अहो जोशी’ अशी हाक मारणं. महादेवशास्त्री जोशी आहेत, संस्कृतिकोशाचे, त्याचेच दहा खंड. लक्ष्मणशास्त्री जोशी आहेत, विश्वकोशाचे. दोघे शास्त्री, दोघे जोशी, दोघे कोशवाले. त्यात विश्वकोशाच्या नोंदीला ‘जोशी’ नाव देणं मुळातच चूक, कारण तर्कतीर्थ प्रमुख संपादक होते, नोंद लिहिणारा वेगळा असतो आणि त्याचं नाव नोंदीच्या शेवटी दिलेलं असतं. राजवाडे म्हणाल तर वि. का. वेगळे आणि अहिताग्नी वेगळे. म्हणून आपल्याकडे आडनावासोबत पुस्तकाचा एखादा ओळखीचा शब्द जोडावा हे बरं, ‘जोशी-संस्कृतिकोश-३’, ‘राजवाडे-साधने-८’. लांब होतं, होऊ दे. नाव लांब असल्याने लेखाला वजन पडत नाही, वाचकाला तर ते दिसतच नाही.

दुसरी पंचाईत सालाची, आणि ही खास आपली. जुन्या मराठी पुस्तकांवर सन नसतो, शक असतो. राजवाड्यांचा पहिला खंड आला ते वर्ष शकात धरलं तर १८२०. कोणी भाबडेपणाने ‘राजवाडे१८२०’ असं नाव दिलं की पुढच्याला वाटतं पुस्तक पेशवाई बुडाल्यावर दोनच वर्षांत आलं, आणि मग तो तेच साल संदर्भात घालतो, तिथून ते लेखात येतं, तिथून दुसऱ्या भाषेत. शक असेल तर नावातच ‘शके’ लिहा ना, दोन अक्षरं आहेत. नाहीतर ७८ मिळवून सन लिहा (पौष ते फाल्गुनातलं, म्हणजे जानेवारी उजाडल्यानंतरचं असेल तर ७९, तेवढं बघा).

तिसरी गोष्ट गॅझेटियरची, ही माझ्या दुखत्या नसेची. माझ्या आजोळच्या देवळाचं वाक्य शेवटी कुठून आलं होतं सांगू का, तालुक्याच्या लेखातला तो मूळ कोलन शून्य शोधला तर तिथे लिहिलं होतं, ‘सातारा गॅझेटियर’. फक्त एवढंच. आता सातारा गॅझेटियर दोन आहेत. एक ब्रिटिशांच्या काळातलं, कॅम्पबेलच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १९ वा खंड, १८८५ चा. दुसरं महाराष्ट्र झाल्यावर सरकारने काढलेलं सुधारित, १९६३ चं. दोन्हींत देवळं आहेत, दोन्हींत घाट आहेत, पुष्कळ मजकूर तर एकातून दुसऱ्यात आलेला आहे, पण लोकसंख्या वेगळी, रस्ते वेगळे, तालुक्यांच्या हद्दी वेगळ्या. रत्नागिरीचंही तसंच, १८८० चं एक आणि १९६२ चं एक. नुसतं ‘गॅझेटियर’ हे नाव दिलं की एखादा १८८१ च्या शिरगणतीतला आकडा ‘गावाची लोकसंख्या आहे’ असा वर्तमानकाळात लिहिलेला सापडतो आणि खाली संदर्भ असल्यामुळे त्याला हात लावायची कोणाची टाप नसते. मी दोन संध्याकाळी घालवून दोन्ही गॅझेटियरं चाळली. १८८५ मध्ये आमच्या गावाबद्दल चारच ओळी निघाल्या, त्यात देऊळ आहे पण जीर्णोद्धार नाही, जीर्णोद्धाराचं वाक्य १९६३ च्यात मिळालं. ज्याने मूळ लिहिलं त्याच्यासमोर तेव्हा पुस्तक उघडं होतं. ‘गॅझेटियर-सातारा-१९६३’ एवढं नाव दिलं असतं तर माझ्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या, आणि तो परिच्छेद इकडे उडी मारून आला तेव्हा नाव जुळलं नसतं, लाल एरर आली असती, आणि एररमध्येच उत्तर लिहिलेलं असतं की कुठलं पुस्तक हरवलंय.

हे शेवटचं जरा परत वाचा, कारण मला वाटतं खरा मुद्दा तिथे आहे. चांगलं नाव नीट चालत असताना काहीच उपयोगाचं नसतं, ते मोडल्यावर कामाला येतं. इंग्रजी विकिपीडियावर अनॉमीबॉट नावाचा एक बॉट, म्हणजे आपोआप संपादन करणारा प्रोग्रॅम, आहे, असे अनाथ झालेले (नाव उरलेले पण पूर्ण मजकूर हरवलेले) संदर्भ तो जुन्या आवृत्त्यांतून शोधून परत बसवतो. मी ज्या लेखांत हिंडतो तिथे हे काम बहुतेक हातानेच करतो, आणि हाताने करणाऱ्याला ‘जनगणना२०११-वाई’ असं अनाथ नाव दिसलं तर तो अर्ध्या मिनिटात काम करून मोकळा होतो. कोलन चौदा अनाथ दिसला तर तो कपाळाला हात लावतो, किंवा त्याहून वाईट, वाक्यच उडवून टाकतो.

मोबाइलवरून लिहिणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. देवनागरीत नाव द्या, मी त्याच बाजूचा आहे, मराठी लेखात ‘सोर्स वन’ कशाला. पण देवनागरी नाव अवतरणचिन्हांत घालावं लागतं, आणि ती सरळ उभी चिन्हं हवीत. काही फोन आपली हुशारी दाखवून वळणदार अवतरणचिन्हं टाकतात, वर्डमधून चिकटवलं तरी तीच येतात, डोळ्याला सुंदर दिसतात आणि यंत्राला कळत नाहीत. दुसरं, यंत्र अक्षर न् अक्षर जुळवतं. एका जागी देवनागरी २०११ आणि दुसऱ्या जागी इंग्रजी आकड्यांत, म्हणजे दोन वेगळी नावं. ‘ॲ’ तर महाबेरकी अक्षर, काही कीबोर्ड ते एकसंध टाकतात आणि काही ‘अ’ वर चंद्र बसवून, दिसायला डिट्टो सेम पण आतून वेगळं, एकाच नावात दोघांनी दोन तऱ्हेने टाकलं की संदर्भ तुटतो आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता की अरे दोन्ही तर सारखंच आहे. तीच गत ‘साताऱ्याचे’ मधल्या ‘ऱ्या’ची, तोही दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि एकात मध्ये न दिसणारं एक कॅरेक्टर असतं. मी एकदा पाऊण तास असा घालवला, शेवटी वैतागून एक नाव कॉपी करून सगळीकडे चिकटवलं तेव्हा बसलं. तेव्हापासून मी नावात विभक्ती लावत नाही, ‘सातारा’ लिहितो, ‘साताऱ्याचे’ नाही, आणि दुसऱ्यांदा नाव टाइप करत नाही, कॉपीच करतो.

बातम्यांना वर्तमानपत्र आणि तारीख पुरते. ‘सकाळ’ एवढंच नाव देणाऱ्यांना मात्र साष्टांग नमस्कार, १९३२ पासून रोज निघणाऱ्या पेपरातली कुठली सकाळ?

आणि ज्या लेखात वाद आहेत तिथे तर हे जास्तच लागतं. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचा आकडा घ्या. कोणी १०५ म्हणतं, कोणी १०६, कोणी १०७, भाषणांत आणि फलकांवर आकडे फिरतात. या विषयावर लिहिताना कुठला आकडा कुठल्या कागदातून आला हेच तर सगळं आहे. समजा असा परिच्छेद आहे, तीन आकडे, तीन संदर्भ, आणि त्यांची नावं कोलन एक, कोलन दोन, कोलन तीन. कोणीतरी भाषा सुधारायला येतो, वाक्यं पुढेमागे करतो, एक शेपूट चुकून दुसऱ्या वाक्याला लागतं. बघणाऱ्याला फरक पानावर (आधीचा-नंतरचा मजकूर शेजारी दाखवणाऱ्या) कळेल का? कोलन दोनच्या जागी कोलन तीन झालंय एवढंच दिसेल, आणि असा बदल कोणीही तपासत नाही, मीही नाही, खोटं कशाला बोलू. तेच ‘विधानसभा-१९६०’ च्या जागी ‘सकाळ-२०१०-०५-०१’ आलेलं दिसलं असतं तर गस्त घालणारा कोणीही थबकला असता. (ही नावं मी उदाहरणादाखल बनवलीत, शोधायला जाऊ नका.) शिवजयंतीच्या दोन तारखांचा लेख याच चष्म्यातून कधीतरी बघा म्हणजे कळेल, शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया देणारी जेधे शकावली आणि १५४९ चा वैशाख सांगणाऱ्या बखरी, यांची शेपटं अदलाबदल झाली तर वर्षभर पुरेल एवढं भांडण आहे.

मग मागणं काय तुमचं, असं कोणी विचारेल.

कार्यशाळा घेणाऱ्यांकडे पहिलं. दोन तासांच्या कार्यशाळेत खातं उघडणं, धूळपाटी (सरावाचं पान), ठळक-तिरपं, चित्र लावणं हे सगळं होतं, शेवटी प्रमाणपत्रं आणि फोटोही होतो. त्यात पाच मिनिटं या नावांना द्या. व्हिज्युअल एडिटरमध्येच शिकवा, काही हरकत नाही, फक्त जतन केल्यावर मुलांना एकदा सोर्स उघडायला लावा, शोधमध्ये कोलन शून्य टाकायला लावा आणि जिथे जिथे सापडेल तिथे तिथे बदलायला लावा. सगळीकडे बदलायचं हे ठासून सांगा, एक जरी राहिला तरी लाल एरर येणार. मागे एका कॉलेजच्या कार्यशाळेतून एका दुपारी चाळीसेक लेख आले होते, सगळ्यांत तीच दोन पुस्तकं वापरलेली, आणि काही लेखांत पहिलं पुस्तक कोलन शून्य तर काहींत दुसरं. मुलांची काय चूक, त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. दोन महिन्यांनी त्यातले काही लेख एकत्र केले आणि मग जो काला झाला तो आम्ही तिघं अजून निवडतोय.

प्रचालकांकडे एक विनंती, जरा मोठी. जे स्रोत आपण सगळेच सारखे वापरतो त्यांची नावं एकदाच ठरवून मदतीच्या पानावर टाकूया का? जिल्हा गॅझेटियरं सालासकट, जनगणना गावासकट, विश्वकोश खंड आणि नोंदीसकट, संस्कृतिकोश खंडासकट. म्हणजे मग ‘गॅझेटियर-सातारा-१८८५’ हे नाव कुठल्याही लेखात दिसलं तरी त्याचा अर्थ एकच. असं झालं की परिच्छेद एका लेखातून दुसऱ्यात नेला तरी टक्कर होणार नाही, झालीच तर ती त्याच पुस्तकाशी होईल आणि नुकसान शून्य. सक्ती नको, नियम नको, आपल्याकडे नियम केला की पहिले सहा महिने नियमाच्या शुद्धलेखनावर चर्चा चालते. नुसती यादी असली तरी लोक कॉपी करतात.

जुन्या संपादकांना एवढंच की उत्साहाच्या भरात बॉट घेऊन हजार लेखांतले कोलन एका रात्रीत बदलायला निघू नका, खासकरून नाव बदलताना संदर्भ उघडून न बघता. चुकीच्या जागी लागलेल्या कोलन शून्याला ‘जनगणना२०११’ असं भारदस्त नाव दिलं तर चूक आणखी पक्की होते. माझ्या आजोळच्या लेखात तेच झालं असतं. आपण एरवी ज्या लेखात काही कामाला जातोच तिथले दोन-चार बदलावे, सारांशात ‘संदर्भांची नावं बदलली, मजकूर तसाच’ असं लिहावं आणि निघावं. संपादनांची संख्या वाढवायला हे करू नये हे सांगायला हवं का, हो, स्पर्धा चालू असताना सांगायला हवं.

आणि भाषांतराचं टूल वापरणाऱ्यांनो, इंग्रजीतून लेख आणताना तिथलेही कोलन बरोबर येतात, आणि तिकडच्या जुन्या यंत्रांनी ठेवलेली ‘ऑटोजनरेटेड वन’ छापाची नावंही येतात. आणल्या आणल्या बदला, कारण त्या क्षणी तुम्हाला माहीत असतं काय काय आहे, आठवड्याने तुम्हालाही आठवणार नाही.

माझं स्वतःचं पाप पण सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी माझं योगदान उघडून दाखवेलच. माझ्या सुरुवातीच्या लेखांत ‘पुस्तक१’, ‘पुस्तक२’ अशी नावं आहेत. पुस्तक२ कुठलं ते संदर्भयादीत बघितल्याशिवाय मला आज सांगता येत नाही. हळूहळू बदलतोय, अजून बरेच राहिलेत.

आजोळच्या लेखातलं बाकी सगळं आता लागलंय. देऊळ-घाट १९६३ च्या गॅझेटियरला जोडला, जनगणना जनगणनेच्या जागी गेली, तालुक्याच्या लेखातलाही बदलला. एकच अडलंय. चैत्रातल्या यात्रेत मानाची काठी शेजारच्या गावाहून येते असं एक वाक्य आहे, आजी म्हणते खरं आहे, पण आजी हा विकिपीडियावर संदर्भ होत नाही. त्या वाक्याच्या संदर्भाचं नाव आहे ‘जोशी’ आणि आत लिहिलंय ‘जोशी, पान ४२’. पुस्तकाचं नाव नाही, साल नाही. संस्कृतिकोशाच्या सगळ्या खंडांचं ४२ वं पान वाचनालयात बसून पाहिलं, नाहीये. ज्याने लिहिलं त्या खात्याने नंतर एकही संपादन केलेलं नाही, चर्चा पानावर लिहून ठेवलंय, उत्तर नाही. सातारा भागातल्या यात्रांवर कुठल्या जोशींनी लिहिलंय हे तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल, एखादी जुनी जत्रा-स्मरणिका, शाळेचं हस्तलिखित, काहीही, तर माझ्या सदस्य चर्चेवर टाका. तोवर वाक्य ठेवलंय आणि पुढे ‘संदर्भ हवा’ लावलाय.

आपला,
पुस्तक१ आणि पुस्तक२ वाला एक संपादक